परसातील कंद — लेखांक सहावा : सुरण, एका पानाची राखण

गेल्या आठवड्यात न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसणाऱ्या अळूचा आपण विचार केला. आज त्याच कुळातल्या, पण स्वभावाने त्याच्या अगदी उलट असलेल्या सुरणाकडे वळावयाचे आहे. अळूला मुळाशी सदैव ओल हवी, आणि सुरणाला नेमके तेच सोसत नाही. म्हणून मोरीच्या कडेला अळूशेजारी हातभर जागा रिकामी दिसली की तेथे सुरणाचा तुकडा पुरून मोकळे होण्याचा जो मोह गृहस्थास होतो, तो त्याने प्रथम आवरावा.

सुरण म्हटले की कोकणातील वाड्या किंवा गुजरातेतील बागाईत डोळ्यांसमोर येते, आणि घोड, भीमा व मुळा-मुठा यांच्या काठच्या अवर्षणप्रवण मुलखाशी त्याचा संबंध काय, असा प्रश्न शिरूर-दौंडच्या वाचकास पडणे स्वाभाविक आहे. येथील पाऊस वर्षाकाठी अदमासे वीस इंच, आणि तोही मृगात थोडासा शिंतडून पुढे आषाढ-श्रावणात दडी मारणारा व उत्तरा-हस्ताच्या सुमारास एकाएकी कोसळणारा. तथापि परसातील पिकाचा हिशेब शिवारातील पिकाहून निराळा असतो. पाच-सहा खड्ड्यांपुरते पाणी घरच्या विहिरीतून सहज निघते, आणि दौंडकडे खडकवासल्याच्या कालव्याने, शिरूरकडे चिंचणीच्या घोड धरणाने व चासकमानच्या कालव्याने जेथे जमिनीखाली पाझर टिकवला आहे, तेथे तर पाण्याची वाण ही सबब उरतच नाही. शिवाय ऋषिपंचमीस बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य मानण्याची जी चाल आपल्याकडे आहे, तिच्यामुळे नांगराविना, केवळ कुदळीने पिकविलेल्या कंदांना देशावरील घरांतही मान मिळत आला. आणि सुरण अनेक घरांत उपासाला चालत असल्यामुळे त्याचा उपयोग त्या एका दिवसापुरता राहत नाही.

सुरणाची निगा समजण्यासाठी त्याची जीवनरीती आधी समजली पाहिजे. वैशाखात कंदाच्या माथ्यावरील खळग्यातून भाल्याच्या फाळासारखा एक कोंब वर येतो, वरची पातळ आवरणे गळून पडतात, आणि हिरव्या-पांढऱ्या ठिपक्यांनी चित्रविचित्र झालेल्या, हाताला किंचित खरखरीत लागणाऱ्या एका जाड दांड्यावर छत्रीप्रमाणे पान उलगडते. पाहणाऱ्यास ते लहानसे झाड वाटते. दांडा त्याला खोड वाटतो आणि वरचे तीन विभाग फांद्या वाटतात. परंतु वस्तुतः ते सगळे मिळून एकच पान असते. जमिनीखालचा कंद आपली गेल्या वर्षीची सारी शिल्लक या एका पानाच्या उभारणीत खर्ची घालतो आणि सुरकुतत जाऊन नाहीसा होतो. त्याच्याच माथ्यावर, पानाच्या कमाईतून, नवा आणि मोठा कंद भरू लागतो. म्हणजे आपण ज्याला बहुवर्षायु सुरण म्हणतो, त्याचा कंद दर साल अथपासून इतिपर्यंत नवा असतो. सावकाराने सगळे मुद्दल एकाच कुळाला कर्जाऊ द्यावे आणि दिवाळीनंतर व्याजासह वसूल करावे, तसा हा व्यवहार आहे. कूळ बुडाले की मुद्दलही बुडाले. सुरण लावणाऱ्याने ध्यानात धरावयाची मुख्य गोष्ट हीच, की खत, पाणी, आडोसा यांची सारी खटपट त्या एका पानासाठी आहे. ते श्रावणात वाऱ्याने मोडले, तर काही वेळा दुसरे लहान पान येते खरे, परंतु ते वर्ष बव्हंशी वाया गेले असे समजावे.

याच कारणाने जुन्या पद्धतीत सुरण हा तीन-चार वर्षांच्या मुदतीचा ऐवज मानला जाई. मोठ्या कंदाच्या अंगावर जी लहान लहान पिले धरतात, ती पहिल्या साली लावावयाची, पान वाळल्यावर काढून ठेवावयाची, दुसऱ्या साली थोड्या अधिक अंतरावर पुन्हा लावावयाची, आणि असा दरसाल वाढत जाणारा कंद तिसऱ्या-चौथ्या वर्षी स्वयंपाकघरात न्यावयाचा, हा गुजरातेतील बागाईतदारांचा परिपाठ. जपानातही सुरणाचाच एक भाईबंद, कोन्याकू या नावाच्या खाद्यासाठी, गुन्मा प्रांतात अशाच रीतीने तीन वर्षे काढला-लावला जातो. तेथील हिवाळा कडक म्हणून कंद घरात जपावे लागतात, इतकाच फरक. आता कृषिसंशोधन केंद्रांनी प्रसृत केलेला, खाज नसलेला ‘गजेंद्र’ हा वाण मोठ्या तुकड्यापासून एकाच हंगामात विक्रीजोगा होतो, आणि शेतकऱ्याने तोच लावणे शहाणपणाचे. परसात मात्र दोन्ही रीती जोडीने चालविता येतात. दोन खड्ड्यांत मोठे तुकडे त्या सालच्या खाण्यासाठी, आणि कडेच्या वाफ्यात पिले पुढच्या सालांसाठी, असा बंदोबस्त एकदा बसला की बाजारातून बेणे आणण्याचे कारण पडत नाही.

लागवडीचा खड्डा दोन फूट लांब-रुंद आणि दीड फूट खोल असावा, दोन खड्ड्यांत तीन फुटांचे अंतर राखावे. पाबळ-केंदूरकडील मुरमाड जमिनीत खड्डा नुसता खणून भागत नाही. तो तळ्यातील गाळाने आणि प्रत्येकी दोन-अडीच किलो कुजलेल्या शेणखताने भरावा लागतो. याउलट कालव्याखालच्या काळ्या जमिनीत खताची तितकी ओढ नसते, पण चिबडाचे भय मोठे असते; तेथे खड्डा भरून वर वीतभर उंचवटा करावा, म्हणजे हस्ताचे पाणी बुडाशी न थांबता बाजूने निघून जाईल. पाणी थांबले तर दांड्याच्या बुंध्याशी बुरशी धरते, पान पिवळे पडून आडवे होते, आणि त्यावर इलाज असा उरत नाही.

बेण्याचा तुकडा अर्धा ते एक किलोचा घ्यावा. मात्र कंद उभा चिरावा, आडवा चिरू नये, कारण माथ्यावरील डोळ्याचा अंश ज्या तुकड्यात नाही त्यास कोंब फुटण्याची आशा नको. चिरलेला भाग शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकू द्यावा. केडगाव-यवतच्या बाजूस गुऱ्हाळांतील राख मुबलक मिळते. तीही चिरेवर चोळण्यास व खड्ड्यात मिसळण्यास उपयोगी पडते. लावणी अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत उरकावी आणि वर उसाच्या पाचटाचा जाड थर द्यावा, म्हणजे वैशाखाचे ऊन मातीस लागत नाही, तणही माजत नाही. आषाढात पावसाने ताण दिला तर आठवड्यास एकदा पाणी द्यावे. जागा घराच्या पूर्वेस, किंवा शेवग्याच्या विरळ सावलीत, पश्चिमेच्या वाऱ्यापासून आडोसा मिळेल अशी पाहावी.

कार्तिक-मार्गशीर्षात पान पिवळे होऊन आपोआप लवंडते. तोपर्यंत कंदास हात लावू नये, कारण शेवटच्या महिन्यात पानाची उरलीसुरली कमाई खाली उतरत असते. काढलेला कंद माती झटकून, पण न धुता, हवेशीर व कोरड्या जागी ठेवला असता पुढील लावणीपर्यंत टिकतो.

तो अनिश्चित काळ जमिनीत राहू द्यावा काय, याचे उत्तर त्याच्या फुलात आहे. कंद पुरेसा मोठा झाला की एखाद्या उन्हाळ्यात पानाऐवजी आधी जांभळट-तपकिरी रंगाचे भले मोठे फूल येते, ते स्वतः उष्णता उत्पन्न करते आणि सडलेल्या मांसासारखा दर्प सोडून माश्या व किडे यांना परागसिंचनासाठी बोलावते. सुमात्रा बेटातील त्याचा महाकाय भाईबंद 1889 साली लंडनच्या क्यू उद्यानात फुलला, तेव्हा त्याचे मोठे कौतुक झाले. आपल्या परसात मात्र हा सोहळा साठ्याच्या खर्चाने होतो. सबब तिसऱ्या-चौथ्या वर्षी कंद काढावा, थोरला खावा व पिले लावावीत.

राहिला खाजेचा प्रश्न. कंदात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांचे जुडगे असतात. ते जिभेस व हातास टोचतात. म्हणून चिरताना हातास तेल लावणे, फोडी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात उकळणे, ही आपल्या गृहिणींची जुनी वहिवाट आहे. ठाण्याकडील आदिवासी याच कुळातील रानशेवळ्याच्या भाजीत काकडाची आंबट फळे घालतात, तीही याच अनुभवाने. उकडून घेतलेले काप तांदळाच्या पिठीत घोळवून तव्यावर मंद आचेने खरपूस भाजले, तर सुरण न आवडणारा माणूसही पानावर दुसऱ्यांदा मागतो.

वाचकांनी खड्डे चैत्रातच खणून उन्हाने तापू द्यावेत. पुढील लेखांकात, मांडवावर चढणाऱ्या व जमिनीखाली जांभळा गर भरणाऱ्या कोनफळाचा विचार करू.