संशय कुणाच्या दारी?

अमरावती-अकोल्यात गुन्हेगारी वाढली, असं इथला माणूस गेली सात-आठ वर्षं म्हणतो आहे. त्याच्या हाताशी आकडे नसतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्या वार्षिक अहवालात मोठ्या महानगरांचा वेगळा हिशेब मांडतो, त्यात ही दोन्ही शहरं बसत नाहीत. २०११च्या जनगणनेत अमरावती साडेसहा लाखांच्या आसपास होती आणि अकोला सव्वाचार लाखांच्या. नागपुरातला खून राज्यभर गाजतो, इथला जिल्हा पुरवणीच्या पानावर संपतो. तरीही लोकांना चाहूल लागली आणि ती खोटी नव्हती. मला मागे वळून बघताना छळतो तो वेगळाच प्रश्न. चाहूल खरी होती, मग आपला संशय इतक्या वेळा चुकीच्या दारी का गेला?

चाहूल कशी लागली हे आधी सांगितलं पाहिजे. अमरावतीचं साईनगर, शेगाव नाका, कठोरा नाका असो की अकोल्याचं कौलखेड, नाहीतर गोरक्षण रोड, कोणत्याही ले-आऊटमधून चक्कर मारा. पंधरा वर्षांपूर्वीच्या घरांना कमरेएवढं कंपाउंड आणि मोकळा ओटा. त्याच ओळीतल्या नव्या घरांना डोक्याच्या वर भिंत, ओट्याला जमिनीपासून स्लॅबपर्यंत ग्रिल आणि कोपऱ्यात कॅमेरा. जुन्या घरवाल्यांनीही हळूहळू ओटे जाळीत घेतले. सकाळी फिरायला जाणाऱ्या बायका पोत घरी काढून ठेवतात किंवा पदर गळ्याभोवती घट्ट घेतात. मागून मोटरसायकल आली की त्या आपसूक रस्त्याच्या कडेला सरकतात. याला कारण आहे. २०१५ साली सोनं सव्वीस-सत्तावीस हजार रुपये तोळा होतं, २०२५ मध्ये ते लाखावर गेलं. दोन तोळ्यांची पोत ओढणाऱ्याच्या हाती तेव्हा पन्नास हजारांचा माल लागायचा, २०२५ मध्ये दोन लाखांचा. जोखीम तेवढीच, मिळकत चौपट. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याला ३०४ हे स्वतंत्र कलम मिळालं. पूर्वी हाच प्रकार कुठे चोरीत, कुठे जबरी चोरीत नोंदला जायचा. पोत गेलेल्या बाईला कलमाशी काय करायचं, असं कुणी म्हणेल. पण गुन्ह्याला नाव मिळालं तर तो मोजता येतो, म्हणून मला हा बदल महत्त्वाचा वाटतो.

शहराबाहेर चाहूल आणखी आधी लागली होती. मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात किंवा अकोट-तेल्हाऱ्याच्या बागायतीत कुणालाही विचारा, पहिलं उत्तर केबलचं येईल. विहिरीवरच्या मोटरपासून स्टार्टरपर्यंतची तांब्याची केबल रात्रीतून कापून नेतात. मोर्शीकडे एका बागेत मी ते पाहिलं आहे. विहिरीच्या तोंडाशी केबलचा वीतभर तुकडा लोंबकळत होता, काप इतका साफ की पक्कड सराईताचीच असावी. थोड्या अंतरावर धुऱ्याला जळक्या रबराचा काळा डाग होता. तिथंच वेष्टण जाळून तांबं मोकळं केलं होतं. तांबं भंगारात किलोवर विकलं जातं, त्यावर कुणाचं नाव नसतं. चोराला त्यातून दोन-चार हजार मिळत असतील. शेतकऱ्याला मात्र नवी केबल, मोटर काढ-घालीची मजुरी आणि ऐन आंबिया बहरात चुकलेलं पाणी, असा तिहेरी फटका. बागेचा मालक म्हणाला, "भाऊ, केबल तं घेऊन घेईन. पन आता रातभर जागल कोन करीन? पोरगं पुन्याले, मी एकटा."

जागल. हा शब्द वऱ्हाडात अजून जिवंत आहे, मात्र त्यामागची माणसं गेली. पीक उभं असताना मचाणावर रात्र काढणं हा शेतीचाच भाग होता. गावाच्या पातळीवर जागल्या असे, कोतवाल असे, पाटील असे. परका माणूस गावात आला की तो कुणाकडे उतरला हे सांजेपर्यंत माहीत होई. ती व्यवस्था जातीच्या उतरंडीवर उभी होती आणि जागल्याचं काम ज्यांच्या माथी मारलं होतं त्यांच्या वाट्याला मान आला नाही. त्यामुळे तिच्याबद्दल हळहळ व्यक्त करायला माझी जीभ रेटत नाही. पण तिच्या जागी उभं राहिलं ते अगदीच अपुरं. १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील आला, तुटपुंज्या मानधनावरचा एकटा माणूस. २००७ साली आर. आर. पाटलांनी सुरू केलेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने काही वर्षं गावागावांत बैठका बसल्या, भांडणं मिटली, पुढे समित्यांच्या पाट्या तेवढ्या उरल्या. याच काळात तरुण पोरं पुण्या-मुंबईला गेली. आज सोयाबीनची सोंगणी झाली की गंजी शेतातच रात्र काढते आणि जुन्या वैरातून कुणीतरी ती पेटवून देतो. दर हंगामात अशा बातम्या येतात. वर्षाची कमाई अर्ध्या तासात राख होते आणि पंचनाम्यात 'अज्ञात इसम' एवढंच राहतं.

भीतीपोटी भिंत बांधणं अमरावतीला नवं नाही. १८०७ साली निजामाच्या अमलात या गावाभोवती परकोटाचं काम निघालं, ते पेंढाऱ्यांच्या धाडींपासून इथल्या धनवान व्यापाऱ्यांना वाचवायला. वीस ते सव्वीस फूट उंच आणि सव्वादोन मैल घेराचा तो तट. अंबागेट, भुसारी, महाजनपुरी, नागपुरी, खोलापुरी हे दरवाजे आणि पटेल, माता, छत्रपुरी, खुनारी या खिडक्या. पेंढारी बाहेरचे, म्हणून तट. पण खुनारी खिडकीचं नाव पडलं ते तिच्याजवळ झालेल्या मारामारीवरून, ज्यात सातशे माणसं मेली असं सांगतात. तट ते रक्त थांबवू शकला नाही.

शहरातल्या भीतीला वेगळं वळण लागलं ते २०१९ मध्ये. ६ मे रोजी अकोल्यात, दिवसाउजेडी, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात एका माणसाला मारून टाकलं. सरकारी कचेरीत, साक्षीदारांसमोर. "तिथंच सुरक्षित नाई, तं मंग कुठं?" असं तेव्हा चहाच्या टपरीवर ऐकू यायचं. दोन महिन्यांनी, ९ जुलैला, अमरावतीच्या मुधोळकर पेठेत एका कॉलेजकन्येचा एकतर्फी प्रेमातून भररस्त्यात खून झाला. मारणारा ओळखीचाच होता. त्यानंतर पुढच्या फेब्रुवारीत चांदूर रेल्वेच्या महिला महाविद्यालयात मुलींना प्रेमविवाह न करण्याची शपथ देण्यात आली आणि ती देशभर गाजली. मला त्या शपथेचा राग आजही येतो. चाकू ज्याच्या हातात होता त्याला शपथ दिली नाही, जिच्या अंगावर चाकू चालला तिच्यासारख्या मुलींना दिली.

मग नोव्हेंबर २०२१ आला. त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधात १२ तारखेला निघालेल्या मोर्चाच्या वेळी दुकानांवर दगड पडले. दुसऱ्या दिवशीच्या बंदमध्ये राजकमल चौक परिसरात पुन्हा दगडफेक, तोडफोड, जाळपोळ. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. टाळेबंदीतून नुकत्याच उठलेल्या बाजारपेठेला तो दुसरा मार होता आणि हातगाडीवाल्याला तर पहिल्याहून जबर. २०२२च्या एप्रिलमध्ये अचलपूरला दुल्हा गेटवर झेंड्यावरून वाद पेटला. २१ जूनच्या रात्री अमरावतीत दुकान बंद करून घरी निघालेल्या एका औषध विक्रेत्याचा गळा चिरला गेला. सुरुवातीला लोक लूटमार समजले. जुलैच्या आरंभी तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला आणि समाजमाध्यमावरच्या एका मजकुरापायी हे झालं, असा तपासाचा रोख उघड झाला. त्यानंतर कित्येक व्यापाऱ्यांनी रात्री दहाची वेळ नऊवर आणली. ऑक्टोबर २०२४ मध्ये नागपुरी गेट ठाण्यावर दगडफेक झाली आणि पोलीसच जखमी झाले.

या सगळ्या वर्षांत दोन गोष्टी शांतपणे पसरत गेल्या आणि मोठ्या घटनांच्या गदारोळात त्यांच्याकडे पुरेसं लक्ष गेलं नाही. पहिली, हत्यारं. अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांच्या उत्तरेला मध्य प्रदेश आहे. बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं पाचोरी गाव देशी कट्ट्यांसाठी पोलिसांच्या नोंदींत जुनं आहे आणि तिथून सातपुडा उतरला की वऱ्हाडच. कट्टा सगळ्यांना परवडत नाही, पण 'चायना चाकू' परवडतो. अमरावतीच्या गुन्हे वार्तांत हा शब्द आता इतका येतो की वाचणारा थबकतही नाही. विशीच्या आतली पोट्टी तो खिशात घालून हिंडतात. पूर्वी जे भांडण शर्टाची बटणं तुटून संपायचं, ते आता इर्विन रुग्णालयाच्या अपघात विभागात जातं. दुसरी गोष्ट नशेची. २०१२च्या गुटखाबंदीने चोरट्या वाहतुकीचं एक जाळं इथं पोसलं, वर्धा नदीपलीकडच्या दारूबंदीने त्याआधीच एक पोसलं होतं. वाटा, गाड्या, हप्ते सगळं तयार होतं. एमडी पावडर आली ती त्याच वाटांनी आली असणार, असं माझं मत आहे. पोलीस तडीपारी करतात, १९८१च्या कायद्याखाली, म्हणजे बोलीतल्या 'एमपीडीए'खाली, एकेकाला वर्षभर स्थानबद्ध करतात. गल्ली काही महिने शांत होते. पण अमरावतीतून तडीपार झालेला अकोल्यात दिसतो, अकोल्यातला अमरावतीत.

आणि इतकं दिसत असूनही संशय कुठे जातो? केबल गेली की पहिलं बोट पारध्यांच्या बेड्याकडे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला, गावाच्या डोक्यातून गेला नाही. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले या पारधी शिक्षकाने 'प्रश्नचिन्ह' ही आश्रमशाळा उभी केली ती याच मुलांसाठी, स्टेशनांवर भीक मागणारी पोरं गोळा करून. पुढे समृद्धी महामार्गाच्या कामात त्याच शाळेची काही बांधकामं गेली. अमरावतीत पारध्यांच्या नावाने कुजबुजणाऱ्यांपैकी किती जण ती शाळा बघायला गेले? भंगाराच्या काट्यावर रोज जळकं तांबं मोजून घेतलं जातं, त्या दुकानदाराकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही, कारण तो गावातला, ओळखीचा. चुकीचा संशय किती दूर जातो हे १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दाखवलं. मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. जमाव रोजच्या कामाधामातल्या, भ्यालेल्या माणसांचाच होता.

अकोल्यात १३ मे २०२३च्या रात्री जुन्या शहरात दंगल झाली. निमित्त इन्स्टाग्रामवरच्या एका मजकुराचं. हरिहर पेठ आणि आजूबाजूला गाड्या जळाल्या, एक जण मेला, शंभरावर लोकांना अटक झाली. मेलेला माणूस ऑटो चालवणारा होता. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका याचिकेत असं म्हटलं आहे की तो दुसऱ्या धर्माचा समजून त्याला मारण्यात आलं, कारण ऑटोचा मालक त्या धर्माचा होता. हे म्हणणारा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा. आपण तो हल्ला पाहिला आणि म्हणून आपल्यावरही वार झाले, असं त्याचं सांगणं. तो दवाखान्यात पडला, पोलिसांना खबर गेली, वडिलांनी अधीक्षकांना लिहिलं. गुन्हा नोंदला गेला नाही.

इथे सर्वसामान्य वऱ्हाडी माणसाचा रोजचा अनुभव येऊन मिळतो. केबल गेलेला शेतकरी ठाण्यात जातो तेव्हा त्याला पुष्कळदा "अर्ज देऊन जा, पाहू" असं ऐकावं लागतं. अर्जाला क्रमांक नसतो. मोटरसायकल गेली तर "आधी इकडंतिकडं शोधा". दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की तो नोंदलाच पाहिजे, असं ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ठरवून दिलं. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कुठल्याही ठाण्यात तक्रार देण्याची सोय आहे. पण ठाण्याच्या प्रमुखाची प्रगती घटलेल्या आकड्यांवर मोजली जात असेल तर तो आकडा का वाढवेल? म्हणून आकडे कमी झाल्याची पत्रकार परिषद होते त्याच आठवड्यात ले-आऊटमधला आणखी एक ओटा जाळीत जातो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात.

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अकोल्याच्या त्या जखमी मुलाची याचिका जुलै २०२४ मध्ये फेटाळली. ११ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचं अपील मान्य केलं, तपासात पोलिसांनी कसूर केल्याचं नोंदवलं आणि दोन्ही धर्मांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचं विशेष तपास पथक नेमायला सांगितलं. राज्य सरकारने पथकाच्या या रचनेवर फेरविचार मागितला आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच खंडपीठाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. म्हणजे घटनेला अडीच वर्षं उलटली तेव्हा वाद चालू होता तो तपास कुणी करायचा याचा. ज्या ऑटोचालकाला मारलं त्याचं घरही त्याच शहरात आहे, त्या मुलाचंही. मारणारे कोण, हे दोघांच्याही घरच्यांना हवं आहे.