पैसा आईचा, सांभाळ आजीचा

फिलिपिन्समध्ये 1974 च्या कामगार संहितेने मनुष्यबळ परदेशी पाठवण्याला सरकारी धोरणाचे रूप दिले, तेव्हा देशाबाहेर पडणारे प्रामुख्याने पुरुष होते. पुढे हाँगकाँग, सिंगापूर आणि आखाती देशांत घरकामाला माणसे हवी झाली, तसा या प्रवाहातील स्त्रियांचा वाटा वाढत गेला. स्थलांतरितांनी मायदेशी पाठवलेला पैसा, म्हणजेच ‘रेमिटन्स’, आज फिलिपिन्सच्या सकल उत्पादनाच्या सुमारे 8 ते 9 टक्के आहे. राष्ट्राध्यक्षा कोराझोन अक्विनो यांनी 1988 मध्ये हाँगकाँगमधील मोलकरणींना ‘नवे वीर’ म्हटले. वीरांगनेच्या वाट्याला मात्र हाँगकाँगच्या नियमांनुसार मालकाच्याच घरात राहण्याची सक्ती आली.

स्त्री कमावती झाली म्हणजे घरातील कामांची वाटणी बदलते, हा समज येथे टिकत नाही. समाजशास्त्रज्ञ ऱ्हासेल पारेन्यास यांना असे आढळले की आई परदेशी गेल्यावर वडील बहुधा चुलीपासून दूरच राहतात आणि मुलांचा सांभाळ आजी, मावशी किंवा थोरली मुलगी करते. शिवाय हजारो मैलांवरच्या आईने फोनवरून मायाही पुरवावी, अशी अपेक्षा उरतेच. श्रीमंत घरातील बाईचे काम गरीब देशातील बाईकडे आणि तिचे काम आणखी गरीब बाईकडे सरकत जाण्याच्या या क्रमाला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी ‘जागतिक संगोपन-साखळी’ म्हटले, आणि त्या साखळीत पुरुषाची कडी क्वचितच सापडते.