चोवीस बाटल्यांचा हिशेब

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात गुलेन बारी सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण एकामागोमाग सापडले आणि ‘आयव्हीआयजी’ हे नाव घरोघरी पोचलं. महागडं इंजेक्शन म्हणून.

महाग का, ते मात्रेवरून कळतं. किलोमागे २ ग्रॅम औषध, सहसा पाच दिवसांत विभागून. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम. ५ ग्रॅमच्या बाटल्या घेतल्या तर चोवीस. हे औषध म्हणजे हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून वेगळी काढलेली प्रतिपिंडं. दातेच नसतील तर कारखाना काय करणार?

जीबीएसमध्ये बऱ्याचदा आधी पोट बिघडतं. कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मग चुकून स्वतःच्याच नसांवर चालून जातात. बाहेरून दिलेली प्रतिपिंडं हा हल्ला थोपवतात. डोस लवकर दिला तर अधिक उपयोगी, पण झालेली इजा त्याने रातोरात भरून येत नाही. इथेच नातेवाइकांचा धीर सुटतो: ‘डॉक्टर, आणखी एक कोर्स देऊन बघायचा का?’ गंभीर रुग्णांवरची नेदरलँड्समधली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या कोर्सचा फायदा दिसला नाही. गंभीर दुष्परिणाम मात्र वाढले. घर गहाण ठेवण्याआधी हे ऐकलेलं बरं.

लहान मुलांच्या कावासाकी आजारात मात्र हेच औषध कमाल करतं. पहिल्या दहा दिवसांत एकच मोठा डोस दिला, तर हृदयाच्या धमन्या फुगण्याचं प्रमाण चौघांत एकावरून पंचविसात एकापर्यंत उतरतं.

हे औषध शिरेतून सुरुवातीला थेंबाथेंबानेच सोडतात. थंडी वाजणं, डोकेदुखी नेहमीचीच. मान आखडून डोकं फुटेस्तोवर दुखलं तर मेंदूच्या आवरणाचा दाह असू शकतो. वृद्ध, मधुमेही, मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना रक्ताच्या गुठळीचा आणि किडनी बिघडण्याचा धोका. ए, बी, एबी गटाच्या रुग्णांत तांबड्या पेशी फुटू शकतात. आणखी एक गंमत: काही ब्रँडमध्ये माल्टोज असतो. काही ग्लुकोमीटर त्यालाच साखर समजून फुगवलेला आकडा दाखवतात, आणि त्यावर इन्सुलिन दिलं तर साखर धोकादायकरीत्या उतरते.

बाहेरून दिलेल्या याच प्रतिपिंडांमुळे कावासाकीतून बरं झालेल्या बाळाची गोवर-रुबेलाची लसही साधारण ११ महिने पुढे जाते. ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून मागावी.