गाडीचे सांधे

कलाशाखेच्या वार्षिकात मोटारीच्या रबरावर लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. "हा विषय आय.टी.आय.च्या मुलांचा," असेही कोणी म्हणेल. परंतु अलिबागहून पेणला किंवा मुरूडहून रेवदंड्याला सदैव ये-जा करणाऱ्या आपल्यासारख्यांचा जीव चाकांच्या भरवशावर असतो आणि ती चाके गाडीशी कशाने जोडलेली असतात, हे आपल्याला बहुधा ठाऊक नसते. ह्या अज्ञानाची किंमत आमच्या घराने मोजली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या दादाने एक जुनी सेडान घेतली. वेगाची हौस असणाऱ्यांसाठी बनवलेली, दमदार इंजिनाची. आईला दर महिन्याला औषधोपचारासाठी पनवेलला न्यावे लागते, तेही ह्याच गाडीतून. पहिल्याच पावसाळ्यात कार्लेखिंडीच्या वळणावर ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढू लागली. खड्ड्यातून जाताना पुढच्या बाजूने 'खट्' असा आवाज येई. एका गॅरेजवाल्याने दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून दिले. पैसे गेले, आवाज राहिला. मग दादाच्या मित्राने सल्ला दिला, "जाड स्टॅबिलायझर बार बसव, गाडी रस्त्याला चिकटून चालेल." बारची मागणी नोंदवण्यापूर्वी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडी वर घेतली, चाकाच्या आर्मला पहार लावली आणि ती नुसती हलवून दाखवली. आर्मच्या टोकाचे रबर फाटून लोंबत होते. मिस्त्री म्हणाले, "आधी गुडघे दुरुस्त करा, मग तालमीत जा."

ह्या एका वाक्यात सगळा विषय आला आहे. तो आता क्रमाने पाहू.

बैलगाडीचे चाक सरळ आसाला जोडलेले असते. रस्त्याचा प्रत्येक धक्का बसणाऱ्याच्या कमरेत जातो. टांग्याला कमानी आल्या आणि धक्का सौम्य झाला. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला मागे कमानीचे पाटे होते, तर पुढे प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग आणि आर्म होते. चाक वर-खाली व्हायचे तर हे आर्म कोठे तरी बिजागरीसारखे फिरले पाहिजेत. त्या बिजागरीत लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये रबराची जाड नळी बसवतात. हाच बुश. आपल्या गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये कूर्चा असते, तसाच तो.

बुशचे काम दुहेरी आहे. चाकाला वर-खाली हलू द्यायचे, पण पुढे-मागे आणि आडवे फारसे सरकू द्यायचे नाही. म्हणून काही बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवतात, म्हणजे एका दिशेने ते मऊ आणि दुसऱ्या दिशेने कडक राहतात. रबर फाटले की हा हिशेब बिघडतो. ब्रेक दाबल्यावर चाक मागे ढकलले जाते, आर्म आपल्या जागेवरून सरकतो आणि चाकाचे तोंड किंचित वळते. एका बाजूचा बुश फाटलेला आणि दुसऱ्या बाजूचा शाबूत असेल, तर गाडी एकीकडे ओढते. आमच्या गाडीचे दुखणे हेच होते.

आता स्टॅबिलायझर बार, ज्याला काही जण स्वे बार किंवा अँटी-रोल बार म्हणतात. कॅनडातील स्टीफन कोलमन ह्यांनी १९१९ साली अशा बारचे पेटंट घेतले. हा पोलादाचा 'यू' आकाराचा दांडा. त्याचा मधला भाग दोन बुशांच्या आधाराने गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो आणि दोन टोके दोन चाकांच्या आर्मना किंवा स्ट्रटना लिंक रॉडने जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर गेली तर दांडा आपल्या बुशांत नुसता फिरतो, विरोध करीत नाही. वळणावर मात्र गाडी बाहेरच्या अंगाला झुकते. एक चाक दबते, दुसरे मोकळे होते आणि दांड्याला पीळ पडतो. ओला पंचा पिळताना हाताला जो विरोध जाणवतो, तसाच विरोध हा दांडा गाडीच्या झुकण्याला करतो.

ह्या विरोधाचा हिशेब चकित करणारा आहे. भरीव दांड्याचा पिळाला होणारा विरोध त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. २० मिलिमीटरचा दांडा काढून त्याच घडणीचा २२ मिलिमीटरचा बसवला, तर व्यास १० टक्क्यांनी वाढला, पण ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढला. २४ मिलिमीटरचा बसवला तर ताठपणा दुपटीहून अधिक होतो. दुकानात 'फक्त चार मिलिमीटर जाड' म्हणून जी वस्तू मिळते, ती गाडीचा स्वभाव बदलून टाकते, तो ह्यामुळे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बार जाड केला म्हणजे टायरची पकड वाढली, असे नव्हे. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. तो एकूण किती जातो हे वेग, वळण, गाडीच्या भाराची उंची आणि चाकांमधले अंतर ह्यांवर ठरते. त्यातला किती वाटा पुढच्या चाकांनी उचलायचा आणि किती मागच्या, एवढेच प्रामुख्याने बार ठरवतो. भार वाढतो त्या प्रमाणात टायरची पकड वाढत नाही, ती मागे पडते. म्हणून ज्या जोडीचा बार अधिक ताठ, ती जोडी आधी घसरू लागते. पुढचा बार फार ताठ केला तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. मागचा फार ताठ केला तर गाडी चटकन वळते खरी, पण ओल्या रस्त्यावर तिची शेपूट बाहेर पडण्याचा धोका वाढतो.

पुणे जिल्ह्यातील रांजणगावला बनलेली फियाट लिनिया टी-जेट उदाहरणादाखल घेऊ. २०१० साली आलेल्या ह्या सेडानला १.४ लिटरचे टर्बो इंजिन होते. तिच्या मागच्या दोन चाकांना जोडणारी आडवी तुळई वळणावर स्वतःच पिळली जाते, म्हणजे बारचे थोडे काम ती मुळातच करते. अशा रचनेत मागे आणखी एक बार जोडणे हा हौशी लोकांचा आवडता उद्योग. गुळगुळीत, कोरड्या शर्यतीच्या मार्गावर त्याचा लाभ होतो.

आपला रस्ता मात्र तसा नाही. साळावचा पूल ओलांडून कोर्लई, काशीद, नांदगाव करीत मुरूडला जाताना समोरून एस.टी. आली की आपली डावी चाके साइडपट्टीवर उतरवावी लागतात. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे डांबरावर, हा प्रसंग वारंवार येतो. बार दोन चाकांना एकमेकांशी बांधतो, त्यामुळे एका चाकाचा धक्का दुसऱ्यालाही पोचतो. बार जितका ताठ, तितका धक्का मोठा आणि उजवे चाक जमिनीवरून हलके होण्याचा संभव अधिक. पावसात, वळणावर, हलके झालेले चाक काय करील हे सांगायला नकोच.

दुसरी गोष्ट खाऱ्या हवेची. पिळलेल्या दांड्यात सर्वात जास्त ताण त्याच्या पृष्ठभागावर असतो आणि गंज पृष्ठभागच खातो. गंजाच्या बारीक खड्ड्यातून तडा सुरू होतो. म्हणून बारवरचा रंग उडाला असेल तर तो पुन्हा लावून घ्यावा. काही जण पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला जळके ऑइल मारतात. पत्र्याचे रक्षण होते, पण ते ऑइल बुशांवर बसले की नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. पत्रा वाचवताना सांधे जातात!

रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश मिळतात. ते अधिक कडक असतात, आणि गाडी स्टिअरिंगला तत्परतेने साथ देते. पण रबराचा मऊपणा गेला की रस्त्याची थरथर आत येते, योग्य ग्रीस नसेल तर ते कुरकुरतात, आणि जेथे आर्मला दोन दिशांनी वाकावे लागते तेथे ते अडतात. माझ्या मते ते बारच्या मधल्या दोन बुशांपुरते वापरावेत. तेथे बारला फक्त फिरायचे असते आणि ढिलाई गेल्यामुळे मूळचाच बार लवकर कामाला लागतो.

तेव्हा क्रम असा असावा. प्रथम आर्मचे फाटलेले बुश काढून कंपनीच्या मापाचे नवे, दोन्ही बाजूंना, बसवावेत. मग बारचे बुश आणि लिंक रॉड पाहावेत. 'खट्' आवाजाचा उगम पुष्कळदा तेथेच सापडतो. नंतर टायर आणि व्हील अलाइनमेंट. एवढे करूनही गाडी फार झुकते असे वाटले, तरच बारचा विचार करावा. तोही करताना मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ लक्षात ठेवावे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल नोंदणी झालेल्या गाडीत मनाने करता येत नाही. बुश बदलणे ही दुरुस्ती आहे, जाड बार हा बदल ठरू शकतो.

एक बारकावा गॅरेजात उभे राहून पाहावा. आर्मचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचा भार चाकांवर असला पाहिजे. चाके हवेत लोंबत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली येताच नव्या रबराला कायमचा पीळ पडतो आणि ते अकाली फाटते. आमच्या मिस्त्रींनी गाडी खाली उतरवली, दोनदा दाबून हलवली आणि मगच पाना हाती घेतला.

त्या संध्याकाळी दादाने गाडी कार्लेखिंडीत नेली. पाऊस होताच. वळणावर त्याने ब्रेक दाबला. गाडी सरळ राहिली. आई मागच्या सीटवर होती, तिला काही कळलेही नाही. बारसाठी बाजूला काढलेले पैसे त्याने पुढच्या दोन टायरांना दिले. बारची हौस मात्र त्याची अजून फिटलेली नाही. असो.