परदेशी पार्सल नेमकं कुठे अडतं?

नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणाला, म्हणजे सटाणा तालुक्याला, निर्यात नवी नाही. इथली अर्ली द्राक्षं परदेशी जातात, डाळिंब जातं, कांदा जातो. पण हा माल कंटेनरमधून जातो. त्याच्यामागे निर्यातदार असतो, पॅकहाउस असतं, कस्टम्सची कागदपत्रं सांभाळणारा एजंट असतो. शेतकऱ्याने माल तोलून दिला की पुढची धावपळ त्याच्याकडे नसते. ऑनलाइन बाजारात साडी, गोधडी, मसाला किंवा बेदाणे विकणाऱ्याचं तसं नाही. न्यू जर्सीहून एका साडीची ऑर्डर आली की सटाण्यातला तो छोटा विक्रेताच निर्यातदार होतो आणि एजंटाचं कामही त्याच्याच अंगावर येतं.

पार्सल रखडलं, परत आलं किंवा ग्राहकाने घ्यायला नकार दिला की दोष पोस्टाला नाहीतर कुरियरवाल्याला दिला जातो. कधी तो खराही असतो. पण बऱ्याचदा पार्सल अडतं ते कागदावर, आणि तो कागद भरलेला असतो सटाण्यात. म्हणून एका पार्सलाचा प्रवास पहिल्यापासून पाहू. समजा, सटाण्यातल्या एक ताई येवल्याची 12,000 रुपयांची पैठणी अमेरिकेतल्या ग्राहकाला पाठवत आहेत.

घरातून निघण्याआधी

व्यापारासाठी माल देशाबाहेर पाठवायचा तर आयात-निर्यात कोड लागतो. सगळे त्याला आयईसी म्हणतात. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पॅनच्या आधारे तो मिळतो. शुल्क 500 रुपये. कोड एकदाच काढायचा असतो, मात्र दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती तपासून कायम करावी लागते. हे राहून गेलं तर कोड निष्क्रिय होतो, आणि ते कळतं नेमकं पार्सल बुक करताना.

दुसरी गोष्ट बँकेची. निर्यातीचे पैसे ज्या खात्यात येणार, त्या बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारासाठी अधिकृत बँकेचा क्रमांक, मागून घ्यावा. तिसरी जीएसटीची. नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षाला हमीपत्र, म्हणजे एलयूटी, ऑनलाइन भरावं. ते असलं की निर्यातीवर आधी कर भरून नंतर परतावा मागत बसावं लागत नाही.

सटाणा ते मुंबई

पूर्वी टपालाने व्यापारी निर्यात करायची तर कस्टम्सची सोय असलेलं परदेश टपाल कार्यालय गाठावं लागे. नाशिकच सटाण्यापासून साधारण 90 किलोमीटर. मुंबई तर आणखी लांब. एका साडीसाठी एवढा हेलपाटा कुणाला परवडणार? ही अडचण ओळखून डिसेंबर 2022 पासून डाकघर निर्यात केंद्रं सुरू झाली. आता देशात अशी एक हजाराहून अधिक केंद्रं आहेत.

पद्धत सोपी आहे. विक्रेता टपाल खात्याच्या पोर्टलवर नोंदणी करतो, मालाची माहिती भरतो आणि टपाल निर्यात बिल ऑनलाइन तयार करतो. बारकोड असलेलं लेबल घरीच छापता येतं. पार्सल केंद्रावर दिलं की ते परदेश टपाल कार्यालयात जातं. तिथले कस्टम्स अधिकारी संगणकावर तेच बिल पाहतात. शंका आली तर पार्सल उघडतात. विक्रेत्याला मुंबईला जावं लागत नाही. पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा. तपासणीच्या वेळी खुलासा करायला तो तिथे हजर नसतो. त्याच्या वतीने बोलतो तो फक्त त्याने भरलेला फॉर्म.

वर्णन, क्रमांक आणि किंमत

फॉर्ममधले तीन रकाने सगळ्यात जास्त पार्सलं अडवतात.

पहिला वर्णनाचा. ‘कपडे’, ‘घरगुती सामान’, ‘हस्तकला’ असं लिहिलं तर अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. ‘स्त्रियांची रेशमी साडी, हातमागावर विणलेली, नग 1’ असं लिहावं.

दुसरा एचएस क्रमांकाचा. जगभरातली कस्टम्स खाती मालाची ओळख याच क्रमांकाने करतात. त्याचे पहिले सहा अंक सगळीकडे सारखे असतात. रेशमी साडी 5007 या शीर्षकात येते. ताजी द्राक्षं 0806 10 आणि बेदाणे 0806 20. फळ एकच, पण माल वेगळा, म्हणून क्रमांकही वेगळा. क्रमांक चुकला तर शुल्काचा दर बदलतो किंवा पार्सल चौकशीत अडकतं.

तिसरा किमतीचा. शुल्क वाचवण्यासाठी किंमत कमी दाखवा किंवा विकलेल्या मालावर ‘भेटवस्तू’ लिहा, असा आग्रह काही ग्राहक धरतात. तो मान्य करू नये. साडी हरवली तर भरपाई जाहीर किमतीपुरतीच मागता येते. 12,000 ची साडी 2,000 ची दाखवली तर 10,000 रुपयांवर आपणच पाणी सोडलेलं असतं. शिवाय बँकेत आलेली रक्कम आणि बिलावरची रक्कम जुळत नाही. निर्यातीचे पैसे ठरलेल्या मुदतीत देशात आले, हे दाखवण्याची जबाबदारी निर्यातदाराची असते.

शुल्क भरणार कोण?

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. साडी अमेरिकेत पोचली की तिथलं आयात शुल्क कुणीतरी भरायचं असतं. एका पद्धतीत ते दारात ग्राहक भरतो. दुसऱ्या पद्धतीत पाठवणारा आधीच भरतो. पहिल्या पद्धतीत ग्राहकाला कल्पना नसेल तर तो पार्सल नाकारतो. दुसऱ्या पद्धतीत विक्रेत्याने किमतीत शुल्क धरलं नसेल तर नफा जातोच, प्रसंगी मुद्दलही जातं.

अमेरिकेने 2016 पासून 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांना शुल्कमाफी दिली होती, म्हणून आपल्याकडच्या छोट्या विक्रेत्यांना हा प्रश्न फारसा जाणवला नव्हता. 29 ऑगस्ट 2025 पासून ही माफी सगळ्या देशांसाठी थांबली. शुल्क कोणी गोळा करायचं आणि कसं पोचवायचं, हे स्पष्ट नव्हतं. विमान कंपन्यांनी टपालाचा माल न्यायला असमर्थता दाखवली आणि भारतीय टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं स्वीकारणं बंद केलं. सेवा पुन्हा सुरू झाली 15 ऑक्टोबर 2025 ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर. आता शुल्क बुकिंगच्या वेळीच भरायचं होतं, आणि दर होता जाहीर किमतीच्या 50 टक्के. म्हणजे 12,000 च्या पैठणीवर 6,000 रुपये, टपालखर्च वेगळा. हे दर बदलतात, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नये. बुकिंगच्या दिवशीचा दर विचारूनच ग्राहकाला भाव सांगावा.

इतर देशांचे नियम निराळे आहेत. युरोपीय संघात 1 जुलै 2021 पासून अगदी स्वस्त मालालाही व्हॅट लागतो. 150 युरोपर्यंतच्या मालावर ऑनलाइन बाजारपेठ तो विक्रीच्या वेळीच घेऊ शकते. ब्रिटनमध्ये ही मर्यादा 135 पौंडांची आहे. ऑस्ट्रेलियात 1,000 ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावर 10 टक्के जीएसटी बाजारपेठच गोळा करते. इथे एक चूक वारंवार होते. कर भरल्याचा बाजारपेठेने दिलेला क्रमांक विक्रेता पार्सलाच्या ऑनलाइन माहितीत भरतच नाही. मग तिकडचे अधिकारी ग्राहकाकडे पुन्हा कर मागतात, आणि रागावलेला ग्राहक वाईट शेरा देतो तो विक्रेत्याला.

बाजारपेठेच्या पाठवणी योजना

ही कटकट नको म्हणून मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांनी स्वतःच्या योजना काढल्या. ई-बेने 2012 मध्ये अमेरिकी विक्रेत्यांसाठी अशी योजना आणली. विक्रेत्याने माल देशातल्याच एका केंद्रावर पाठवायचा. पुढचं शुल्क, कागद आणि परदेशी प्रवास योजना सांभाळणार. विक्रेत्याची जबाबदारी त्या केंद्रापाशी संपते, हा मोठा दिलासा.

पण अशा योजना घेताना काही गोष्टी वाचून घ्याव्यात. केंद्रावर पार्सल उघडून पुन्हा बांधलं जातं का? एकाच ग्राहकाने तीन वस्तू घेतल्या तर खर्च एकदाच लागतो की तीनदा? वस्तू फुटली तर भरपाई कोण देणार? परत पाठवायची तर कुठल्या पत्त्यावर? ग्राहकानेही वस्तूची किंमत न पाहता, शुल्क आणि वाहतूक धरून येणारा शेवटचा आकडा पाहावा. वस्तूपेक्षा पाठवणीचा खर्च जास्त, असं पुष्कळदा होतं.

परत आलेलं आणि हरवलेलं

‘आवडली नाही, परत घ्या’ हे देशात सोपं आहे. परदेशातून साडी परत यायची तर येण्याचा खर्च जाण्याइतकाच किंवा जास्त पडतो, आणि तिकडे भरलेलं शुल्क सहजासहजी परत मिळत नाही. भारतात परत येताना कस्टम्सला तो आयात माल दिसतो. हा आपलाच निर्यात केलेला माल आहे, हे कागदांनिशी दाखवावं लागतं. म्हणून टपाल निर्यात बिल, बीजक, बुकिंगची पावती आणि बांधण्याआधी काढलेले मालाचे फोटो एकत्र जपून ठेवावेत. परतीचा नियम वस्तूच्या माहितीतच, विक्रीआधी लिहावा.

हरवलेल्या पार्सलाचा माग 13 अक्षर-अंकांच्या क्रमांकावरून लागतो: पुढे दोन अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं. शेवटी ‘आयएन’ असेल तर पार्सल भारतातून निघालेलं. आंतरराष्ट्रीय टपाल नियमांनुसार चौकशीची मुदत सहा महिन्यांची आहे. ग्राहकाने तिकडच्या पोस्टात खेटे घालण्यापेक्षा पाठवणाऱ्याने इथल्या पोस्टात लेखी तक्रार देणं जास्त उपयोगी पडतं.

फराळ आणि भेटी

लेकीला किंवा लेकाला फराळ पाठवणं हा व्यापार नव्हे. त्याला आयईसी लागत नाही. तरी डब्यात काय आहे ते एकेका पदार्थाचं नाव घेऊन लिहावं. दुधाचे पदार्थ, बिया आणि मांस यांबाबत बरेच देश कडक आहेत, ऑस्ट्रेलिया विशेष. उलट दिशेचाही नियम ठाऊक असावा. परदेशातून भेट म्हणून येणाऱ्या पार्सलाची शुल्कमाफी भारताने डिसेंबर 2019 मध्ये काढून घेतली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. त्यामुळे तिकडून नातवंडांसाठी आलेल्या खेळण्यांवर आजी-आजोबांकडे शुल्क मागितलं तर ती फसवणूकच आहे असं समजू नये. मात्र पावती पाहावी आणि मगच पैसे भरावेत. फोनवर आलेल्या अनोळखी लिंकवरून कधीच नाही.

ऑर्डर स्वीकारण्याआधी

ज्यांच्याकडे परदेशी ऑर्डरी येऊ लागल्या आहेत, त्यांनी दर देशासाठी एक कागद करून ठेवावा: एचएस क्रमांक, आजचा शुल्काचा दर, शुल्क कोण भरणार, टपालखर्च, पोचायला लागणारे दिवस, परतीचा नियम. ग्राहकाला भाव सांगताना दारापर्यंतचा पूर्ण आकडा सांगावा. जास्त आकडा ऐकून एखादी ऑर्डर जाईल. पण नाकारलेल्या पार्सलाचा तोटा त्याहून मोठा असतो.

हे ज्ञान अवघड नाही, पण ते तालुक्यापर्यंत पुरेसं पोचलेलं नाही. बचत गटातल्या बायका उत्तम माल तयार करतात आणि फॉर्मपाशी थांबतात. प्रत्येक गटातल्या एका तरी मुलीने डाकघर निर्यात केंद्राचं पोर्टल शिकून घ्यावं, महाविद्यालयांनी त्यासाठी दोन दिवसांचं शिबिर घ्यावं, आणि आपलं सर्वांत जवळचं केंद्र कुठे आहे याची चौकशी सटाण्याच्या पोस्टात आजच करावी. पहिलं पार्सल कमी किमतीच्या वस्तूचं पाठवावं. ते नीट पोचलं की मग पैठणी.