ढोलकी हरवली कुठे?
१४ एप्रिल जवळ आला की घरोघरी वामनदादांची गाणी लागतात. आम्हीही जुन्या बाजारातून अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आणून जोडले. गाणे ऐकू येई, पण ढोलकी अगदी पोचट! पैसे बुडाले म्हणून घरात बोलणी खाल्ली. दोष निघाला तारेचा. एका स्पीकरला लाल-काळी तार उलट लागली होती. एकाचा पडदा पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई, म्हणून खालचा सूर मरे.

खूण पुसली असेल तर १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा. पडदा बाहेर आला, तर सेलच्या अधिक टोकाला लागलेली बाजू लाल समजा.

एकाच जोडणीवर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले की ४ ओहम होतात. अॅम्प्लिफायरला ४ ओहम चालत नसेल तर तो तापून जळतो. दुरुस्तीत आठवड्याचा बाजार जातो.