रंग वाळेपर्यंत

दिवाळीच्या तोंडावर दाराला रंग दिला, की ‘ओला रंग’ अशी पाटी लावूनही घरात कुणाचा तरी सदरा रंगतोच! ओल्या रंगाची हीच अडचण एकेकाळी अमेरिकेतल्या मोटार कारखानदारांना छळत होती.

हेन्री फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली सरकत्या रांगेवर मोटारी जोडू लागले आणि साडेबारा तासांचे काम लवकरच दीड तासावर आले. पण रंगाला घाई कोण करणार? ब्रशाने हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा हात द्यायचा. चांगल्या गाडीला यात आठवडे जात. फोर्डकडे मडगार्डे रंगाच्या हौदात बुडवून भट्टीत भाजीत, बॉडीवर नळीने रंग ओतीत आणि निथळलेला पुन्हा वापरीत. काळा रंग स्वस्त नि टिकाऊ. म्हणून १९१४ ते १९२५ ‘मॉडेल टी’ काळीच राहिली.

कोडे सोडवले रसायनशास्त्राने. १९२३ साली जनरल मोटर्सच्या ‘ओकलंड’ गाडीवर ‘ड्यूको’चा निळा रंग चढला. तोफेच्या दारूत लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोजपासून केलेला हा रंग काही तासांत वाळे. पाठोपाठ १९२६ च्या ‘मॉडेल टी’लाही रंग आले. साध्या गिऱ्हाइकाला मनपसंत रंग मिळाला, तो असा तोफेच्या दारूच्या कृपेने!